सायकलच्या वार्षिक विक्रमाची बातमी छापण्याआधी टायरचा आकडा विचारा

प्रति,
संपादक महोदय,
स. न. वि. वि.

डिसेंबर उजाडला की पुण्याच्या आवृत्त्यांमध्ये 'वर्षभरात अमुक हजार किलोमीटर सायकल चालवून विक्रम' अशा बातम्या येऊ लागतात. सोबत सायकल डोक्यावर उचलून धरलेला फोटो आणि मोबाइलवरच्या ॲपचा स्क्रीनशॉट असतो. चालवणाऱ्याच्या कष्टांबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. शंका असते ती आकड्याबद्दल. तो कशाने मोजला, कोणी तपासला आणि आधीच्या कोणत्या आकड्याशी ताडून पाहिला, याचे उत्तर बहुतेक बातम्यांत सापडत नाही. 'विक्रम' हा शब्द मात्र मथळ्यात असतो.

आधी आकड्यांची ओळख करून घेऊ. रोज १०० किमी, एकही दिवस न चुकवता चालवले तर वर्षाचे ३६,५०० किमी होतात. नोकरी सांभाळून हे करणाऱ्याला सलामच करायला हवा, पण हा जागतिक विक्रमाच्या आसपासचाही आकडा नाही. इंग्लंडच्या 'सायकलिंग' साप्ताहिकाने १९११ मध्ये लावलेल्या स्पर्धेत मार्सेल प्लान या फ्रेंच स्वाराने वर्षात ३४,३६६ मैल, म्हणजे ५५,३०७ किमी काटले होते. वॉल्टर ग्रीव्हज या एका हाताच्या स्वाराने १९३६ मध्ये ४५,३८३ मैलांची नोंद केली. बिली डोव्ही यांनी १९३८ मध्ये महिलांचा विक्रम केला तो सुमारे ४७,६४० किमीचा, म्हणजे रोज १३० किमी. ऑस्ट्रेलियाच्या ऑसी निकोल्सनने १९३७ मध्येच लाख किलोमीटरचा टप्पा ओलांडला होता. मग आले टॉमी गॉडविन. १९३९ या एका वर्षात ७५,०६५ मैल, म्हणजे १,२०,८०५ किमी, रोजची सरासरी ३३१ किमी. सायकल पोलादी, चौदा किलोच्या घरातली, गिअर चार. सप्टेंबरात महायुद्ध सुरू झाल्यावर पुढचे सगळे रात्रीचे अंतर ब्लॅकआउटमध्ये, झाकलेल्या दिव्यावर.

हा विक्रम शहात्तर वर्षे टिकला. अमेरिकेचे कर्ट सर्व्होगेल यांनी १० जानेवारी २०१५ ते ९ जानेवारी २०१६ या काळात ७६,०७६ मैल करून तो मोडला. त्यानंतर दीड वर्षाच्या आतच अमांडा कोकर या तरुणीने फ्लोरिडातल्या एका बागेतल्या सुमारे सात मैलांच्या सपाट फेरीवर बहुतांश अंतर काटून १५ मे २०१६ ते १४ मे २०१७ मध्ये ८६,५७३ मैल केले. म्हणजे १,३९,३२६ किमी, रोज ३८१.७ किमी. पुणेकराच्या हिशेबात सांगायचे तर पहाटे निघून सोलापूर गाठायचे, तिथून इंदापूर ओलांडून पुण्याच्या दिशेने आणखी थोडे यायचे, आणि हे ३६५ दिवस. वाऱ्यासकट ताशी २५ किमीचा वेग धरला तरी खोगिरावरचे तास सव्वापंधरा होतात. जेवण, पंक्चर, अंघोळ, झोप हे सगळे उरलेल्या पावणेनऊ तासांत बसवायचे.

आता मुद्द्यावर येतो. सर्व्होगेल यांनी गॉडविन यांचा विक्रम मोडला तो १,०११ मैलांनी. टक्केवारीत हा फरक १.३५ भरतो. तो लक्षात ठेवा आणि सायकलच्या चाकाकडे बघा. सायकल कॉम्प्युटर, म्हणजे हँडलवरचे अंतर मोजणारे यंत्र, चाकाचे फेरे मोजून त्यांना टायरच्या परिघाने गुणते. ७०० बाय २५ मापाच्या टायरचा परीघ सायकल कॉम्प्युटरच्या तक्त्यात २,१०५ मिमी असतो आणि ७०० बाय २८ चा २,१३६ मिमी. फरक ३१ मिमी, म्हणजे सुमारे दीड टक्का. टायर २५ चा आणि यंत्रात आकडा २८ चा, एवढी एक चूक वर्षभर राहिली तर ती शहात्तर वर्षे टिकलेल्या विक्रमातल्या फरकापेक्षा मोठी ठरते. कोणाची लबाडी नाही, कोणाचा वाईट हेतू नाही, फक्त टायर बदलला आणि यंत्राला सांगायचे राहून गेले. म्हणून मथळ्यात म्हटले आहे, टायरचा आकडा विचारा.

तक्त्यातला आकडाही डोळे मिटून घेऊ नये. परीघ मोजण्याची रीत सोपी आहे. टायरमध्ये नेहमीइतकी हवा भरायची, गुळगुळीत फरशीवर खडूने रेघ मारायची, व्हॉल्व्ह बरोबर रेघेवर आणायचा. स्वाराने सायकलवर नेहमीसारखे बसायचे, कारण वजनाने टायर दबतो आणि परीघ काही मिलिमीटरने घटतो. दुसऱ्याने धरून सायकल सरळ रेषेत ढकलायची, व्हॉल्व्ह तीनदा खाली आला की तिथे दुसरी रेघ. मधले अंतर टेपने मोजून तीनने भागायचे. हे दोन-तीनदा करून सरासरी घ्यायची, तारीख आणि हवेच्या दाबासह वहीत लिहायची. नवा टायर घिसून त्रिज्या एक मिलिमीटरने कमी झाली की परीघ सव्वासहा मिलिमीटरने घटतो. हा फरक ०.३ टक्के दिसायला किरकोळ, पण सव्वा लाख किलोमीटरवर पावणेचारशे किलोमीटर होतो, म्हणजे विक्रमी गतीचा अख्खा एक दिवस. शिवाय आकडा जुनाच राहिला तर यंत्र अंतर वाढवून दाखवते, चालवणाऱ्याला सुखावणाऱ्या दिशेनेच. चाकाचे फेरे मोजणारा सेन्सर पुढच्या चाकावर लावावा हे बरे; मागचा टायर दुप्पट वेगाने घिसतो.

'मग जीपीएस वापरा की, प्रश्नच मिटला,' असे कोणी म्हणेल. तो मिटत नाही, फक्त बदलतो. मोकळ्या आकाशाखाली जीपीएसची चूक साधारण तीन ते पाच मीटर असते. लक्ष्मी रस्त्यासारख्या दाटीवाटीच्या ठिकाणी इमारतींवर आपटून आलेल्या लहरींमुळे ती वाढते. सिग्नलला उभे असतानाही ठिपका इकडेतिकडे सरकत राहतो आणि ऑटो-पॉज, म्हणजे थांबल्यावर मोजणी आपोआप थांबवण्याची सोय, बंद असेल तर ते सरकणे अंतरात जमा होते. उलट घाटात यंत्र दर सेकंदाला नोंद न करता 'स्मार्ट' पद्धतीने अधूनमधून करत असेल तर वळणे कापली जातात आणि अंतर घटते. कात्रजच्या नव्या बोगद्यात किंवा खंबाटकीच्या बोगद्यात सिग्नल जातोच. बाहेर आल्यावर यंत्र दोन टोके सरळ रेषेने जोडते. म्हणून अनुभवी लोक दोन्ही ठेवतात, जीपीएस आणि चाकाचा सेन्सर. मात्र कोणता आकडा ग्राह्य धरायचा हे पहिल्या दिवसाआधी लिहून जाहीर करावे लागते. रोज दोन्हींपैकी जो मोठा येईल तो घ्यायचा, ही सर्वांत सोयीची आणि सर्वांत न पकडली जाणारी पळवाट आहे. यंत्राची नोंद दर सेकंदाची ठेवावी, स्मार्ट नोंद बंद करावी. फाइलचा आकार वाढतो, बाकी तोटा नाही.

कोकर यांच्या फेरीचा एक फायदा इथे दिसतो. एकच वाट पुन्हा पुन्हा असेल तर ती एकदा काटेकोर मोजता येते आणि मग फेऱ्यांची संख्या गुणिले लांबी हा स्वतंत्र पडताळा मिळतो. आपल्याकडे कोणी असा प्रयत्न करायला निघालेच, तर कंटाळवाणी असली तरी बंदिस्त फेरी निवडावी असे माझे मत आहे. रोज नवे शहर, नवे सत्कार, नवी वाट हे फोटोला छान असते. मोजणाऱ्याला डोकेदुखी असते.

अॅपचा स्क्रीनशॉट हा पुरावा का नाही, तेही सांगायला हवे. स्ट्रावासारख्या ॲपमध्ये हाताने लिहूनही फेरी नोंदवता येते. मनगटी घड्याळ आणि हँडलवरचे यंत्र दोन्ही आपोआप फाइल चढवत असतील तर एकच फेरी दोनदा मोजली जाऊ शकते. ते रोज पाहून एक काढून टाकावी लागते. घरातल्या ट्रेनरवरचे, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवण्याच्या साधनावरचे, आभासी किलोमीटरही त्याच बेरजेत जाऊन बसतात आणि रस्त्यावरच्या विक्रमाशी त्यांचा काही संबंध नसतो. म्हणून मागायची ती यंत्राने स्वतः लिहिलेली मूळ फाइल, म्हणजे फिट (.fit) फाइल. तिचे जीपीएक्स या दुसऱ्या प्रकारात रूपांतर करून दिलेली फाइल चालत नाही, कारण त्या रूपांतरात यंत्राची ओळख आणि सेन्सरचा बराच तपशील गळून जातो.

मूळ फाइल हाती आली की तपासणाऱ्याला फार हुशारी लागत नाही. वेग, पेडलचे फेरे म्हणजे कॅडेन्स, हृदयाचे ठोके आणि उंची या चार रेघा एकाखाली एक लावायच्या. सपाटीवर वेग सलग ४५, कॅडेन्स शून्य आणि ठोके ऐंशी दिसले तर सायकल गाडीत होती. बहुतेक वेळा यात लबाडी नसते. पंक्चर झाल्यावर टेम्पोत टाकून घरी आणताना यंत्र बंद करायचे राहिलेले असते. तेवढा तुकडा कापायचा आणि कापल्याची नोंद ठेवायची. दुसरी जागा म्हणजे चढ. दिवसाला साडेतीनशे-पावणेचारशे किमी करणारा माणूस दिवसभर मध्यम जोरच लावतो, लावूच शकतो. सायकलसह ८७ किलो वजन आणि सहा टक्के चढ असेल तर दीडशे वॅटला वेग जेमतेम साडेनऊ किमी निघतो. तिथेच ताशी २० किमी दिसला तर साडेतीनशे वॅटच्या आसपास जोर लागतो. असा जोर ताज्या पायांनी एखाद्या रविवारी लागेलही, रोजच्या रोज दिवे घाटात लागणार नाही. मोटारीच्या आडोशाने चालवले तर सपाटीवरही तेच दिसते: वेग चढलेला, ठोके खाली.

यंत्राबरोबर माणसाची साक्षही हवी. गॉडविन यांच्या काळात सायकलला मायलोमीटर, म्हणजे मैल मोजणारे यंत्र, असे आणि वाटेत भेटलेल्या जबाबदार माणसांच्या सह्या घेतलेली कार्डे साप्ताहिकाकडे जात. आपल्याकडे ब्रेव्हे, म्हणजे ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या, चालवणाऱ्यांना ही पद्धत पाठ आहे: २०० किमीला साडेतेरा तास, ३०० ला वीस, ४०० ला सत्तावीस, ६०० ला चाळीस, आणि वाटेतल्या नियंत्रणबिंदूंवर कार्डावर शिक्का. शिक्का मारायला कोणी नसेल तिथे एटीएमची पावती किंवा पेट्रोल पंपावरचे छापील बिल चालते, कारण त्यावर ठिकाण आणि वेळ दोन्ही असतात. वर्षभराच्या प्रयत्नात दिवसाला अशा दोन पावत्या, एक सर्वांत लांबच्या टोकाची, एवढे पुरे. उष्णतेवर छापलेल्या पावत्यांचा मजकूर काही महिन्यांत उडतो, त्यामुळे त्याच रात्री फोटो काढून ठेवावा. चहाच्या टपरीवाल्याची सही भावनेला चांगली, पुराव्याला कमकुवत.

दिवस कधी संपतो हाही वादाचा विषय होतो. सर्व्हर ग्रीनिच वेळेवर चालत असेल तर त्याचा दिवस आपल्याकडे पहाटे साडेपाचला सुरू होतो. पावणेचारला निघालेल्या स्वाराचे पहिले चाळीसेक किलोमीटर मग आदल्या दिवसात जातात. वर्षाच्या बेरजेत फरक पडत नाही, पण 'सर्वाधिक अंतराचा दिवस' ठरवताना पडतो, आणि पहिल्या व शेवटच्या दिवशी तर थेट पडतो. वर्ष म्हणजे सलग ३६५ दिवस. १ जानेवारी २०२८ ला सुरुवात केली तर ते लीप वर्ष असल्याने शेवट ३० डिसेंबरला होईल, ३१ ला नाही.

आता घरबसल्या नकाशावर स्वाराचा ठिपका पाहणाऱ्यांबद्दल. स्वाराजवळचा थेट ट्रॅकर बहुधा पाच किंवा दहा मिनिटांनी एकदा ठिकाण कळवतो. ताशी २५ च्या वेगाने दहा मिनिटांत स्वार चार किलोमीटरच्या पुढे गेलेला असतो आणि नकाशा ते दोन बिंदू सरळ रेषेने जोडतो. त्यामुळे नकाशावरचे अंतर नेहमी खऱ्यापेक्षा कमी भरते, ताम्हिणी किंवा वरंध्यासारख्या वळणांच्या वाटेवर तर फारच कमी. 'नकाशा ३१० दाखवतोय आणि हा ३४० सांगतोय' म्हणून गवगवा करणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे. थेट नकाशा हा स्वार कुठे आहे हे सांगतो. किती चालला हे रात्री चढलेली फाइल सांगते.

ठिपका थांबला की लोक घाबरतात किंवा आरोप करतात. थोडे निरखले तर कारण कळते. ठिपका बराच वेळ गायब आणि मग पुढे कुठेतरी उगवला, मधले बिंदूही मागाहून भरले गेले, तर नेटवर्क गेले होते. चांगला ट्रॅकर बिंदू साठवून नंतर पाठवतो. मधले बिंदू कधीच आले नाहीत तर ट्रॅकर बंद होता, मग त्या तुकड्यासाठी हँडलवरच्या यंत्राची फाइल पाहावी लागते. ठिपके वेळेवर येत आहेत पण जागा तीच, तर स्वार थांबला आहे: जेवण, डुलकी, दुरुस्ती. हमरस्त्याच्या कडेला, गाव नाही, हॉटेल नाही, रात्रीची वेळ, आणि ठिपका अर्धा तास तिथेच, ही मात्र चिंतेची खूण. अशा वेळी स्वाराला वीस जणांनी फोन करून बॅटरी उतरवू नये. मदतीच्या ठरलेल्या एका माणसाला कळवावे. त्याला पत्ता लागला नाही तर ११२, आणि राष्ट्रीय महामार्गावर असेल तर १०३३.

परदेशी सल्ले वाचून कोणी उपग्रहावर चालणारा ट्रॅकर मागवू नये. आपल्या देशात परवानगीशिवाय उपग्रह संदेशयंत्र बाळगणे बेकायदा आहे. दोन वेगळ्या कंपन्यांची सिम, साठवून पाठवणारा ट्रॅकर आणि नेटवर्क नसलेल्या पट्ट्यांची आधीच जाहीर केलेली यादी यावर काम भागते. थेट ठिकाण लोकांसाठी पंधरा-वीस मिनिटे उशिरा दाखवावे आणि घराभोवतीचा भाग झाकावा. स्वार महिला असेल तर हे सांगायलाही नको. वाटेत गाठून सेल्फीसाठी थांबवणारे हितचिंतक सरासरी खातात ते वेगळेच.

बातमीदारांसाठी सर्वांत उपयोगी गोष्ट म्हणजे तूट मोजण्याचा हिशेब, कारण वर्षभराची चुरस त्यातच असते आणि ती कुठेच छापून येत नाही. समजा लक्ष्य १,३९,३२६ किमी आहे आणि स्वार रोज ३६० करतो आहे. शंभराव्या दिवशी तो २,१७१ किमी मागे असेल. ऐकायला भयंकर, पण उरलेल्या २६५ दिवसांत रोज ३९० केले तर भरून निघते, म्हणजे मूळ सरासरीपेक्षा आठ किमी जास्त. हीच चाल अडीचशेव्या दिवसापर्यंत राहिली तर उरलेल्या ११५ दिवसांना रोज ४२९ किमी लागतात. ताशी २५ ने सव्वासतरा तास. इथे झोप चार तासांवर येते, झोप घटली की वेग घटतो, वेग घटला की तास वाढतात, आणि प्रयत्न कागदावर जिवंत असला तरी रस्त्यावर संपलेला असतो. सुट्टीच्या दिवसाचेही तसेच. वेळापत्रकानुसार चाललेल्या स्वाराने शंभरावा दिवस गमावला तर पुढे रोज दीड किमीपेक्षा कमी भर पडते. ३५१ वा गमावला तर उरलेल्या चौदा दिवसांत रोज २७ किमीची. म्हणून जाणकार सरासरीकडे न पाहता 'उरलेल्या दिवसांना लागणारी सरासरी' पाहतात. ती सलग तीन-चार आठवडे वर चढत असेल तर प्रयत्न हातचा निसटतो आहे असे समजावे.

अपघाताने हे गणित कसे मोडते ते २०१५ मध्ये दिसले. इंग्लंडचे स्टीव्ह अब्राहम गॉडविनचा विक्रम मोडायला १ जानेवारीला निघाले होते. मार्चअखेरीस एका मोपेडने धडक दिली, घोटा मोडला. त्यांनी एका पायाने तीनचाकी रिकम्बंट, म्हणजे मागे रेलून चालवायची सायकल, चालवून वर्ष जिवंत ठेवायचा प्रयत्न केला, पण घड्याळ कोणासाठी थांबत नाही. शेवटी ऑगस्टमध्ये नव्याने वर्ष सुरू करावे लागले.

पुण्यातून असा प्रयत्न झाला तर काय होईल? द्रुतगती मार्ग सायकलला बंद. मुंबईचा जुना रस्ता चालतो, पण लोणावळ्यापुढे पावसाळ्यात दाट धुके असते. सपाटीसाठी सोलापूर रस्ता बरा. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा असतो, त्यामुळे जाताना ताशी ३० आणि येताना २०. दीडशे किमी जाऊन परत आले की साडेबारा तास लागतात, वारा नसता तर २५ ने बारा लागले असते. अर्धा तास वाऱ्याने खाल्ला. अशा वेळी निघताना वाऱ्याच्या तोंडावर जावे आणि दमल्यावर तो पाठीशी घ्यावा हे बरे, पण पश्चिमेला घाट आहेत, म्हणून ते जमत नाही. गाळप हंगामात दौंड, बारामती, इंदापूरकडच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या रात्री मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही अशा चाललेल्या असतात. दुसऱ्याच्या दिव्याच्या झोतात आल्याशिवाय त्या दिसत नाहीत. त्या भागात अंधारातले तास टाळावेत. विक्रमाच्या वेळापत्रकात ते शक्य नसेल तर वेळापत्रक चुकीच्या जागी आखलेले आहे.

पंक्चरचे मुख्य कारण खिळा नसतो. ट्रकचे टायर फुटल्यावर त्यातल्या पोलादी तारांचे केसासारखे तुकडे कडेच्या पट्टीत पसरतात, आणि सर्व्हिस रोडला बाभळीचे काटे. तार टायरमध्ये अडकून राहते आणि नवी ट्यूबही पाच किलोमीटरवर जाते. ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून कापूस फिरवावा. तार असेल तिथे तो अडकतो. मग चिमट्याने ओढायची. या एका सवयीने वर्षात कित्येक तास वाचतात.

साखळी स्वच्छ रस्त्यावर तीन ते पाच हजार किमी जाते, पावसाळ्यातल्या चिखलात त्याच्या निम्मी. म्हणजे विक्रमी अंतराला तीस-चाळीस साखळ्या धराव्यात. बारा इंचांच्या मापात पाऊण टक्का ताणली की, आणि अकरा-बारा गिअरच्या सायकलला अर्धा टक्का ताणली की बदलावी. 'अजून चालतेय' म्हणून ठेवली तर ती मागची चक्री खाते, आणि चक्रीची किंमत साखळीच्या कित्येक पट. मागचा टायर चार ते सहा हजारांवर जातो. हा सगळा हिशेब प्रायोजकाला सुरुवातीलाच द्यावा लागतो. अनेक प्रयत्न पायांआधी पैशाने थकतात, आणि त्याची बातमी होत नाही.

आपल्या शहराला अशा कामाचे वावडे नाही. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी यांनी २०१८ मध्ये विशीत असताना सुमारे २९,००० किमीची पृथ्वीप्रदक्षिणा १५९ दिवसांत पूर्ण केली, तेव्हाही लोक रोज नकाशा उघडून बसत होते. वाचकाला आकडे कळत नाहीत असे समजू नये. क्रिकेटमध्ये लागणारी धावगती इथे सगळ्यांना तोंडपाठ असते.

म्हणून विनंती एवढीच की असा प्रयत्न सुरू झाला तर क्रीडापानावर आठवड्याला एक छोटी चौकट द्यावी. कितवा दिवस, एकूण किमी, त्यात तपासलेले किती आणि न तपासलेले किती, आजवरची रोजची सरासरी, उरलेल्या दिवसांना लागणारी सरासरी, गेल्या सात दिवसांची सरासरी, शून्य किमीचे दिवस. मैल आणि किलोमीटर एका ओळीत मिसळू नयेत. ७५,०६५ हा आकडा किलोमीटर म्हणून छापला की गॉडविन यांचे ४५ हजार किमी एका शब्दाने कापले जातात. तसेच 'दावा', 'नोंद' आणि 'मान्यता' हे तीन शब्द आलटूनपालटून वापरू नयेत. स्वाराने सांगितले तो दावा, फाइली जमा झाल्या ती नोंद, विक्रम ठेवणाऱ्या संस्थेने तपासून कळवले ती मान्यता. आणि मान्यता वर्ष संपल्यावर येते, सत्काराच्या दिवशी नाही.

चौकटीत आणखी एक रकाना जागा असेल तर ठेवावा: शेवटची मूळ फाइल कोणत्या तारखेला चढली. फाइल रोज रात्री चढायला हवी, कारण बारा-पंधरा तासांची नोंद एकाच फाइलमध्ये ठेवली आणि बॅटरी ऐन शेवटी गेली तर अख्खा दिवस खराब होऊ शकतो. दुपारी एकदा फेरी जतन करून नवी सुरू केली की नुकसान निम्म्यावर येते. आठवडाभर फाइल नाही आणि एकूण आकडा मात्र वाढतो आहे असे दिसले, तर त्या आठवड्याचे किलोमीटर 'न तपासलेले' या रकान्यातच छापावेत.

कळावे,
आपला,
एक ब्रेव्हे सायकलस्वार वाचक
कोथरूड, पुणे